पासाऊमधला रविवार

चौघांनी मिळून लांबचा सायकल प्रवास करायचा म्हणजे दिवसभर एकत्र असायचं आणि दिवसभर बोलायचं नाही. पुढे थोरला, त्याच्यामागे धाकटी, मग मी आणि शेवटी नवरा, अशी आमची रांग पहिल्याच आठवड्यात ठरून गेली. समोरून वारा असला की मागून मारलेली हाक पुढे पोचत नाही. पुढून येतं ते फक्त ‘खड्डा!’ नाहीतर ‘गाडी!’. संध्याकाळी सामान उतरवलं, अंघोळी झाल्या, जेवण झालं की नऊला सगळे आडवे. मुलं नोकरीला लागल्यापासून इतके दिवस सलग बरोबर राहायची ही पहिलीच वेळ, आणि तरी त्यांच्याशी धड गप्पा होत नव्हत्या. त्यामुळे जर्मनीतल्या पासाऊ या गावी एक दिवस थांबायचं ठरलं, तेव्हा मी मनात त्या दिवसाचं पक्कं वेळापत्रक आखून ठेवलं होतं.

ते वेळापत्रक धाकटीने आदल्या रात्रीच मोडीत काढलं. “आई, उद्या कुणी कुणाला उठवायचं नाही. आणि सगळ्यांनी मिळून काही करायचं नाही. संध्याकाळी सातला भेटू.” मला जरा लागलंच. आता वाटतं, मोठ्या मुलांबरोबर फिरताना विश्रांतीचा दिवस असाच हवा. पायांना सुट्टी हवीच, पण त्याहून जास्त एकमेकांपासून हवी.

थोडं वाटेबद्दल. जर्मनीच्या नैर्ऋत्येला डोनाऊएशिंगेन गावाजवळ ब्रिगाख आणि ब्रेग या दोन नद्या एकत्र येतात आणि तिथून पुढे डॅन्यूब सुरू होते. आम्ही तिथून निघून नदीच्या काठाकाठाने व्हिएन्नाला चाललो होतो. वाटेचा बराचसा भाग युरोवेलो 6 या मार्गावरचा. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा हा सायकल मार्ग साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास भरतो. नदीबरोबर जायचं म्हणजे सगळा उतारच असणार, असं ऐकणाऱ्याला वाटतं. पण डोनाऊएशिंगेन समुद्रसपाटीपासून सुमारे 680 मीटरवर आणि पासाऊ सुमारे 300 वर, म्हणजे किलोमीटरमागे पाऊण मीटरसुद्धा उतार नाही. तो पायांना कळतही नाही. दिवस सोपा की कठीण हे ठरवतो वारा. नदीकाठी लावलेले किलोमीटरचे आकडे मात्र मला आवडायचे. डॅन्यूबची लांबी उगमापासून नाही, मुखापासून मोजतात, त्यामुळे पुढे जाल तसे आकडे कमी होत जातात. पासाऊला आकडा 2,225 च्या आसपास होता. तेवढं अंतर समुद्रापर्यंत अजून उरलेलं, हे वाचून नवरा रोज एक सुस्कारा सोडायचा. तो दमल्याचा की मोहाचा, ते विचारलं नाही.

थांबायचं म्हणजे किती थांबायचं यावरून घरात दोन पक्ष होते. थोरल्याचं म्हणणं, पूर्ण लोळून काढलेला दिवस दुसऱ्या दिवशी महागात पडतो, पाय जड होतात. टूर द फ्रान्समध्ये शर्यतीतल्या दोन विश्रांतीच्या दिवशीसुद्धा खेळाडू तास-दोन तास हलकी सायकल मारून येतात, हा त्याचा पुरावा. धाकटी म्हणाली, “ते पगार घेऊन सायकल चालवतात. मी पगारी रजा घालवून चालवतेय.” आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. मला दोघांचंही पटलं. थोरला सकाळी रिकाम्या सायकलवर तासभर फिरून आला आणि धाकटी अकरापर्यंत झोपली.

मी कपडे धुतले. पॅड असलेल्या सायकलच्या चड्ड्या गरम ड्रायरमध्ये घातल्या तर पॅड आणि इलॅस्टिक दोन्ही लवकर खराब होतात, म्हणून त्या खिडकीत ओळीने वाळत घातल्या आणि बाहेर पडले. एकटी, हेल्मेटशिवाय. मागे कोण राहिलंय याची मोजदाद नाही. हे सुख पहिल्या चौकापर्यंत जरा चोरटं वाटलं, नंतर सवय झाली.

वार रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हे माहीत होतं, पण गावभर फिरून पाहिल्यावर ते खरं समजतं. खरेदी नाही, किरकोळ कामं नाहीत. कॅथेड्रलमधल्या सुमारे 18 हजार पायपांच्या ऑर्गनची दुपारची मैफलसुद्धा रविवारी नसते. ज्याला काही ना काही उरकत राहायची खोड आहे, त्याच्यासाठी असा दिवस चांगला. काही उरकताच येत नाही.

पासाऊचा जुना भाग म्हणजे दोन नद्यांच्या मधली जमिनीची निमुळती जीभ. उत्तरेच्या बाजूने डॅन्यूब, दक्षिणेकडून इन, आणि पलीकडच्या काठाने बव्हेरियाच्या जंगलातून आलेली इल्झ. प्रयागच्या संगमात तिसरी नदी गुप्त आहे. इथे तिन्ही उघड्या दिसतात, आणि तीन रंगांच्या. इल्झ दलदलीच्या, पीटच्या म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या जमिनीतून येते म्हणून काळसर. इन आल्प्समधलं बर्फाचं पाणी आणि बारीक दगडी पीठ घेऊन येते म्हणून फिकट, दुधाळ हिरवी. टोकावरच्या कठड्यापाशी उभं राहिलं की इनचा हिरवा आणि डॅन्यूबचा तपकिरी पट्टा शेजारी शेजारी बराच वेळ न मिसळता वाहताना दिसतात. इथे इनमधलं पाणी सरासरीने डॅन्यूबपेक्षा जास्त भरतं, तरी पुढे नाव चालतं ते डॅन्यूबचंच. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी हे मला हातवारे करून, इनच्या बाजूने बऱ्याच त्वेषाने समजावलं. मलाही तो अन्याय वाटला.

तिथून परत येताना जुन्या टाऊन हॉलच्या मनोऱ्याशी थोरला दिसला. भिंतीवर वेगवेगळ्या वर्षांच्या पुराच्या खुणा आहेत, त्या तो मान वर करून वाचत होता. जून 2013 मध्ये पाणी 12.89 मीटरपर्यंत चढलं होतं. त्याहून उंच खूण एकच, 1501 ची. त्याने हात वर केला तरी बोटं 2013 च्या रेषेच्या बरीच खाली राहिली. मला पाहून म्हणाला, “सातला भेटायचं ठरलं होतं ना?” मी म्हटलं, “मी तुला ओळखत नाही, मी पण पूरच बघतेय.” मग दोघेही डॅन्यूबवरच्या पुलाकडे निघालो आणि पलीकडच्या टेकडीवर ओबरहाउस किल्ल्याची वाट चढायला लागलो. हा किल्ला 1219 मध्ये इथल्या बिशपने बांधायला घेतला, आणि तो गावाच्या रक्षणासाठी जेवढा होता तेवढाच गावकऱ्यांना धाकात ठेवायलाही होता.

चढण दमवणारी आहे. सायकलवर तो कायम माझ्या पुढे दोनशे मीटर असतो. पायी मात्र आमचा वेग जुळला. एका वळणावर मी दम घ्यायला थांबले, तेव्हा त्याने सांगितलं, “आई, व्हिएन्नाहून तुम्ही परत जा. मी बुडापेस्टपर्यंत जाणार आहे. एकटा.”

नोकरीचं काय, हा प्रश्न जिभेवर आला होता. त्याने तो चेहऱ्यावर वाचला असावा. बिनपगारी रजा मंजूर झाली होती. हंगेरीही शेंगेनमध्येच, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असल्यामुळे वेगळा व्हिसा लागणार नव्हता, आणि 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, त्याचा हिशेबही त्याने करून ठेवला होता. व्हिएन्ना ते बुडापेस्ट साधारण 300 किलोमीटर, मध्ये ब्रातिस्लावा. म्हणजे हे आज सुचलेलं नव्हतं. आम्हाला विचारण्याचा टप्पा केव्हाच मागे गेला होता, तो फक्त सांगत होता. मी म्हटलं, “जास्तीच्या ट्यूब किती आहेत तुझ्याकडे?”

“दोन.”

“माझी एक घेऊन जा. आपल्या चाकाचं माप एकच आहे.”

तो हसला. वर पोचल्यावर तिन्ही नद्या एकदम दिसल्या आणि आम्ही बराच वेळ त्या कोणत्या रंगाच्या आहेत यावर वाद घातला. एकटा का जायचंय हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

संध्याकाळी सातला परतलो तर सायकली ठेवायच्या खोलीत वेगळंच नाट्य रंगलं होतं. नवऱ्याने चारही सायकली रांगेत उभ्या करून फडक्याने चेन पुसायला घेतल्या होत्या आणि धाकटी जमिनीवर बसून चेन तपासायची पट्टी एकेका चेनमध्ये अडकवून बघत होती. या पट्टीला एका बाजूला 0.5 आणि दुसऱ्या बाजूला 0.75 लिहिलेलं असतं, म्हणजे चेन किती टक्के लांबली ते. चेन झिजून लांबली असेल तर टोक कड्यांमध्ये अलगद खाली जातं. नवऱ्याच्या चेनमध्ये 0.75 ची बाजूही न अडखळता आत गेली.

“बाबा, ही संपलीये. उद्या बदलायची.”

“व्हिएन्नापर्यंत सहज जाईल. मी रोज तेल घालतो.”

“तेलाने झीज भरून येत नाही. चेन गेली की ती मागचे दात खाते. मग तुम्हाला कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्याही नव्या लागतील. चेन स्वस्त असते, कॅसेट नाही.”

“तुला सायकल शिकवली कोणी?”

“तुम्ही. चेन बदलायला यूट्यूबने शिकवलं.”

प्रश्न एवढाच होता की रविवारी दुकान बंद, आणि नवऱ्याचा सकाळी सातला निघण्याचा नेम. इतक्या दिवसांत तो त्याने पावसातही मोडला नव्हता. दुकान उघडेपर्यंत थांबलं तर ऊन डोक्यावर येणार, मग संध्याकाळपर्यंत श्लोगेनच्या वळणाला कसं पोचणार, असं तो बोलत राहिला. तिथे डोंगर आडवे आल्याने नदी जवळजवळ पूर्ण उलटी फिरते, आणि ते वळण त्याला संध्याकाळच्या उजेडात बघायचं होतं. धाकटीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पट्टी पुसून पिशवीत टाकली आणि म्हणाली, “उद्या दुकान उघडल्यावर निघू. गजर लावू नका.”

त्याने गजर लावलाच. सहाला उठून, तयार होऊन, खोलीतल्या खुर्चीत हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिला.

दुकान उघडल्या उघडल्या धाकटी त्याची सायकल आत घेऊन गेली. त्याच्या गिअरला बसेल अशी चेन मिळाली, आणि आत गेल्यावर तिने न विचारता मागचे ब्रेक पॅडही बदलून घेतले. निघायला अकरा वाजले. डॅन्यूबच्या उत्तर काठाने, ऑस्ट्रियाच्या दिशेने, योखेनस्टाइनच्या धरणाकडे. रांग तीच होती, फक्त मागून येणारी करकर थांबली होती आणि नवरा माझ्या चाकाला चाक लावून येत होता. नव्या चेनमुळे फरक पडला हे त्याने व्हिएन्ना येईपर्यंत कबूल केलं नाही.