ओपाबिनियाचं मॉडेल: सोंड अखेर तोंडापर्यंत पोचली

ओपाबिनिया म्हणजे ५० कोटी वर्षांपूर्वीचा, आता नामशेष झालेला समुद्री प्राणी; त्याचं क्लेचं मॉडेल मी करतोय. गेल्या खेपेला धडापाशी थांबलो होतो. १५ खंड, दोन्ही बाजूंच्या पाळ्या आणि शेपटीच्या पंख्यातली तीन जोड पाती, एवढं झालंय. मूळ प्राणी सोंड सोडून जेमतेम ४ ते ७ सेंटिमीटरचा. मी ६ धरून तिप्पट, म्हणजे १८ सेंटिमीटरचं मॉडेल करतोय.

हा अख्खा आठवडा सोंडेनं खाल्ला. पहिली सोंड ४ सेंटिमीटरची, समोर ताणलेली आणि झोकदार होती. मग मॉडेल उलटं केलं आणि चूक दिसली. ओपाबिनियाचं तोंड डोक्याच्या खाली असतं आणि तेही मागच्या दिशेला उघडणारं. पुढे पकडलेला घास तिथवर न्यायचा तर सोंडेला खाली वाकून मागे यावं लागतं. माझी सोंड तोंडाच्या अलीकडेच संपत होती. जीवाश्मांत सोंड शरीराच्या साधारण एक तृतीयांश दिसते, ती उगाच नाही! तार बदलून ६ सेंटिमीटरची केली, क्लेवर जाड दोरा घट्ट गुंडाळून वळ्या उमटवल्या. आता टोकाची काटेरी पकड तोंडाला बरोबर टेकते. ती टेकली तेव्हा ५० कोटी वर्षांपूर्वीचा एक घास डोळ्यांसमोर गिळला गेल्यासारखं वाटलं.

पायांचं मात्र ठरवावं लागलं. जीवाश्मशास्त्रज्ञ वॉलकॉट यांनी १९१२ मध्ये कॅनडातल्या बर्जेस शेल या जीवाश्मांच्या खडकातून हा प्राणी मांडला तो कोळंबी-खेकड्यांसारखा कवचधारी म्हणून. पुढे दुसरे जीवाश्मशास्त्रज्ञ व्हिटिंग्टन यांनी डोक्याखालचा खडक टोकरून सांध्यांचे पाय शोधले, पण सापडले नाहीत. त्यांचं १९७५चं वर्णन आजही माझ्या टेबलावर पहिलं असतं. त्यानंतर संशोधक बड यांनी धडाच्या मधल्या त्रिकोणी खुणांना मऊ, बिनसांध्याचे पाय मानलं, तर झँग आणि ब्रिग्ज यांनी २००७ मध्ये त्या आतड्याच्या फुगवट्या असल्याचं मांडलं. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं, म्हणून पाय लावत नाही. बड यांच्या बाजूचं कुणी असेल तर कारणासकट जरूर लिहा.

कल्ल्यांची पातळ पाती भाजताना लोळतात. खाली कापसाची गादी दिल्यावर दोन सोडून सगळी ताठ राहिली, ती दोन पुन्हा करतोय.

डोळे अजून बाकी आहेत. पाचही आखूड देठांवर, आणि देठ बसवायच्या खाचा आत्ताच कोरून ठेवल्यात.