बाबांसोबत एक दिवस, कोलकात्याच्या धुक्यात

नागपूरची थंडी म्हणजे लख्ख आकाश, कोरडी हवा आणि अंगणात खुर्ची टाकून सोललेली संत्री. त्या उजेडात वाढलेल्या माझ्या डोळ्यांना कोलकात्याचा पहिला हिवाळा अजिबात आवडला नव्हता. कॅमेरा घेऊन बाहेर पडायचो आणि सगळं राखाडी बघून हिरमुसून परत यायचो. आता आठ वर्षं झाली. आता दुर्गापूजा आटोपली की मी याच राखाडीची वाट बघत बसतो.

यंदा जानेवारीत बाबा गीतांजली एक्स्प्रेसने आले. आल्या आल्या म्हणाले, "ते व्हिक्टोरिया वगैरे राहू दे. तू पहाटे उठून जिथे जातोस ना, तिथे ने मला."

म्हणून साडेपाचला आम्ही मल्लिक घाटाच्या फूलबाजारात. इथे सव्वासहालाच उजाडतं आणि संध्याकाळी सव्वापाचपर्यंत सूर्य गेलेलाही असतो, त्यामुळे हिवाळ्यात फोटो काढायचे तर अंधारातच घर सोडावं लागतं. डोक्यावर हावडा पूल. 1943 साली वाहतुकीला खुला झालेला हा पूल नट-बोल्टवर नाही, रिव्हेटांवर उभा आहे. धुक्यात त्याचा वरचा भाग दिसतच नाही, नुसता गाड्यांचा घरघराट ऐकू येतो. खाली पुलाच्या अंगाला चिकटून कोलाघाट, पांशकुडा, राणाघाटहून आलेली फुलं. हमाल झेंडूच्या माळांचे जाडजूड जुडगे दोन्ही खांद्यांवर टाकून धावत येतात. समोरून बघितलं तर माणूस दिसत नाही, केशरी ढीग चालत येतोय असं वाटतं आणि मधून तोंडाची वाफ निघते. हा केशरी रंग कॅमेऱ्याला झेपत नाही. एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, थोडं खाली ओढलं नाही तर पाकळ्या जातात आणि नुसता डाग उरतो. हे कळायला मला दोन हिवाळे लागले. मी हमालांच्या मागे होतो तेवढ्यात बाबांनी पिवळ्या झेंडूची एक माळ घेतली. कोणासाठी, ते सांगितलं नाही.

तिथून मैदान, म्हणजे शहराच्या मधलं मोठं मोकळं गवताळ पटांगण. सातच्या सुमाराला तिथलं धुकं सगळ्यात दाट असतं. इथे उलट करावं लागतं. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर धुक्याला फसतो आणि फोटो मळकट येतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप वर, म्हणजे दुप्पट. बकऱ्यांचा कळप, लगाम सैल सोडून चरणारे घोडे, माकडटोपी घालून फेरी मारणारे आजोबा, सगळे आधी सावल्या असतात आणि दहा पावलांवर आले की माणसं-जनावरं होतात. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा आवाज आधी येतो, पोरं नंतर दिसतात. मागे काय आहे ते धुकं पुसून टाकतं, त्यामुळे समोरच्या एकाच गोष्टीकडे नीट बघावं लागतं. माझे स्वतःला आवडणारे बहुतेक फोटो मैदानावरचेच आहेत. बाबांनी दोन भांड चहा घेतला. भांड म्हणजे मातीचा कुल्हड. लोक पिऊन झाला की फेकून देतात. बाबांनी तो नळाखाली धुतला आणि रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

एस्प्लेनेडहून श्यामबाजारकडे ट्रॅम पकडली. विजेची ट्रॅम इथे 1902 पासून आहे, पण एकेक मार्ग बंद होत आता मोजकेच उरले आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. मुंबईची ट्रॅम 1964 साली बंद झाली. लहानपणी काकांकडे गेल्यावर बाबा तिच्यात बसले होते. दादर टीटीमधला तो 'टी' ट्रॅमचा, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं आणि लाकडी बाकावरून दोनदा हात फिरवला. कॉलेज स्ट्रीटवरची पुस्तकांची दुकानं खिडकीतून सावकाश सरकत होती. मी त्यांचा एकच फोटो काढला, सेकंदाच्या पंधराव्या भागावर, श्वास रोखून. बाबा स्थिर, बाहेरचं सगळं वाहतं.

कुमारटुलीत, मूर्तिकारांच्या वस्तीत, जानेवारी म्हणजे सरस्वती. वसंतपंचमी जवळ आलेली असते. गल्ली इतकी चिंचोळी की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दारात शिरायचं. एका खोलीत नुसता पेंढ्याचा सांगाडा, दुसरीत ओल्या मातीची मूर्ती, तिसरीत पांढऱ्याचा पहिला हात दिलेली. धुक्यामुळे माती वाळत नाही, म्हणून ऊन पडलं की सगळ्या मूर्ती गल्लीत येऊन उभ्या राहतात. इथे मी विचारल्याशिवाय कॅमेरा वर करत नाही. एक म्हातारे कारागीर ओल्या फडक्याने देवीची बोटं एकेक करून गुळगुळीत करत होते. बाबा त्यांच्या शेजारी अर्धा तास बसले. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती.

बागबाजारला मात्र मी मुद्दाम नेलं. तिथे मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. 1742 साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या, तेव्हा घाबरलेल्या कोलकात्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला. काम अर्धवटच राहिलं आणि फौजा काही तिथवर आल्या नाहीत. 1799 मध्ये तो बुजवून सर्क्युलर रोड केला. आता उरलंय ते हे नाव. दोन्ही बाजूंना जुनी घरं, कठड्यांवर उन्हात टाकलेल्या रजया. नागपूरच्या महाल भागात जन्मलेले बाबा त्या पाटीखाली बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "आपल्या भीतीने खणलेलं रे हे."

संध्याकाळी बागबाजार घाटावर सूर्य हुगळीपलीकडे गेला. गेला म्हणजे मावळला नाही, क्षितिजाच्या चांगला हातभर वर असतानाच धुक्यात विरघळला.

घरी आल्यावर बाबांनी ती माळ मासिमांना दिली. मासिमा म्हणजे आमच्या घरमालकीणबाई, खालीच राहतात. दिवसभर बाबांच्या पिशवीत राहून माळ जरा चेपली होती. मासिमांनी ती ठाकुरघरातल्या, म्हणजे देवघरातल्या फोटोला घातली आणि नलेन गुडाचे, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचे संदेश पुढे ठेवले. मराठा डिच लेनचं नाव निघालं तेव्हा हसून म्हणाल्या की त्यांच्या आईने त्यांना बर्गी येतील अशी भीती घालून झोपवलं आणि त्यांनीही आपल्या मुलांना तसंच झोपवलं. मग अंगाईच म्हणून दाखवली. बाळ झोपलं, पाडा शांत झाला, बर्गी आले देशात. धान तर पाखरांनी खाल्लं, आता सारा कशातून भरायचा.

"बर्गी म्हणजे आपले बारगीर," बाबा मला हळूच म्हणाले. "सरकारी घोड्यावर लढणारे." मग मासिमांकडे वळून म्हणाले, "दीदी, एक बार फिर से. धीरे." आणि चष्मा लावून त्यांनी त्या ओळी खिशातल्या डायरीत देवनागरीत उतरवून घेतल्या. 'खाजना', म्हणजे सारा, या शब्दाशी थांबले आणि त्याखाली रेघ मारली.