हौद उपसू नका

परवा शेजारच्या वहिनी कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, "ताई, उन्हाळा लागायच्या आत आमचा हौद पार उपसून घेतोय. गाळबीळ काढून, ब्लिचिंग पावडर टाकून चांगला घासून घ्यायचा, म्हणजे वर्षभर बघायला नको. माणूस सांगितलाय, तुमचाही करून घेऊ का त्याच्याकडून?" मी हातातली खुरपी तिथंच ठेवली आणि म्हटलं, "वहिनी, आधी आत या, चहा घ्या, मग बोलू." त्यांना जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते, कारण फाल्गुनात हौद घासायला काढणारे ओळखीत बरेच आहेत आणि दोन महिन्यांनी "पाणी हिरवंगार झालंय, मासे मरताहेत, काय करू?" असं विचारणारेही तेच असतात.

आमचा हौद साताऱ्यातल्या घराच्या मागच्या अंगणात आहे, अजिंक्यतारा किल्ल्याच्या बाजूला. जुना, दगड-सिमेंटचा. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल. म्हणजे काठोकाठ भरला तर साधारण १३५० लिटर पाणी. सासूबाईंच्या काळी धुण्याभांड्याला होता. आता त्यात एका पसरट टबात कमळ, दोन कुंड्यांत लिली, थोडे गोल्डफिश आणि न मोजता येणारे गप्पी आहेत. माझं माहेर खटाव तालुक्यातलं. टँकर आला की घागरी घेऊन पळायचं, हे मी लहानपणी केलंय. त्यामुळं १३५० लिटर पाणी एका दुपारीत गटारात सोडायचं म्हटलं की माझ्या पोटात कालवतं. पण पाण्याचा विचार बाजूला ठेवला तरी हौद उपसणं चुकीचंच आहे.

हौदाच्या भिंतीला हात लावून बघा. बुळबुळीत साय लागते ना? ती घाण नव्हे. माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या पानांतून पाण्यात अमोनिया सुटतो आणि तो माशांना विषासारखा असतो. भिंतीवरच्या, दगडांवरच्या, गाळाच्या वरच्या थरातल्या त्या सायीत जिवाणू राहतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट झाडं खाऊन टाकतात. पाणी निवळ राहतं ते या साखळीमुळं. ब्लिचिंग पावडरनं ती एका तासात मरते आणि पुन्हा बसायला महिना-दीड महिना जातो. तेवढ्या काळात अमोनिया साचतो, मासे मरतात. झाडं अजून पानांवर आलेली नसतात, खायला दुसरं कुणी नाही आणि ऊन मात्र भरपूर, म्हणून शेवाळ माजतं. लोक म्हणतात घासलं तरी पाणी हिरवं झालं. मी म्हणते घासलं म्हणूनच झालं.

मग गाळ काढायचाच नाही का? काढायचा, पण सगळा नाही. मी फाल्गुनात बागेच्या पाइपचा तुकडा घेते, त्यात पाणी भरून एक टोक तळाशी आणि दुसरं हौदाबाहेर बादलीत सोडते. पाणी आपोआप ओढलं जातं. टोक तळावरून हळूहळू फिरवायचं, काळा सैल गाळ येतो तेवढा घ्यायचा. पाणी एक तृतीयांश उतरलं की थांबायचं, मग तळाशी गाळ दिसत असला तरी. भिंतींना ब्रश लावायचा नाही. बादलीतलं ते काळं पाणी जास्वंद, कढीपत्ता आणि दारच्या अबोलीला घालते. दुकानातून आणलेल्या कुठल्याही खतानं अबोली अशी फुललेली मी पाहिली नाही. भरताना नळाचं पाणी थेट सोडायचं नाही, त्यात क्लोरीन असतो. पिंपात उघड्यावर एक दिवस ठेवायचं, मग बारीक धारेनं सोडायचं.

वहिनींचा हौद तर नवीन आहे. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो, पाणी अल्कधर्मी होतं आणि मासे टिकत नाहीत. त्याला जुना उपाय म्हणजे हौद भरून त्यात केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून काही दिवस कुजू द्यायचे, पाणी काढायचं, पुन्हा भरायचं, असं दोन-तीनदा. त्यांच्या हौदानं हे सगळं मागच्या वर्षीच पार केलंय. आता तो कुठं नांदायला लागलाय आणि त्यालाच घासून परत पहिल्या दिवसावर आणायचं?

फाल्गुनात खरं काम असतं ते कमळाचं. थंडीत पानं वाळून गेलेली असतात आणि वरून बघणाऱ्याला वाटतं की कमळ मेलं. टब बाहेर काढून चिखलात हात घातला की कळतं, आत कंद चांगले मनगटाएवढे जाड झालेले असतात, एकाला एक जोडलेले, टबाच्या कडेकडेनं गोल फिरलेले. चाकू-खुरप्यानं उकरायचं नाही. पाण्याची धार सोडून चिखल विरघळवायचा आणि कंद मोकळे होतील तसे दोन्ही हातांवर उचलायचे. प्रत्येक कंदाच्या टोकाला एक फिकट, टोकदार कोंब असतो. सगळा जीव त्या कोंबात. तो इतका ठिसूळ असतो की बांगडी लागली तरी तुटतो आणि तुटला की तो तुकडा बहुतेक वेळा कुजतो. म्हणून मी या कामाला बसताना बांगड्या काढून ठेवते. दोन-तीन पेरं आणि एक शाबूत कोंब एवढा तुकडा लागवडीला पुरतो.

टब गोल हवा, म्हणजे वाढणारा कोंब कोपऱ्यात अडकत नाही. खाली भोक नको. माती शेतातली काळी, चिकट. नर्सरीतल्या कोकोपीटच्या मिश्रणाचा इथं काही उपयोग नाही, ते वर तरंगतं. तळाला दोन मुठी हाडांचा चुरा आणि जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत, त्यावर मातीचा जाड थर. कंद आडवा, किंचित तिरका ठेवायचा, शेपटीकडचं टोक मातीच्या बाहेर राहिलं तरी चालतं. कोंबावर फक्त हलकी माती ओढायची. सुरुवातीला वर चार बोटं पाणी पुरे. आधी रुपयाएवढी तरंगती पानं येतात, मग पाण्याच्या वर उभी राहणारी. ती उभी पानं दिसल्याशिवाय वरखत द्यायचं नाही, कोवळी मुळं करपतात. पानं उभी राहिली की मी टब हौदात खोल सोडते. दिवसाला सहा तास ऊन मिळत नसेल तर मात्र कमळाचा हट्ट सोडावा आणि लिली लावावी, तिला थोडं कमी ऊन चालतं.

चैत्र-वैशाखात काम म्हणजे पाण्यावर लक्ष. आमच्या हौदातून कडक उन्हात, वारा असेल त्या दिवशी, जवळपास एक सेंटिमीटर पाणी उडतं. हिशेब केला तर ते बावीस लिटर होतं, म्हणजे एक मोठी बादली भरून. पाणी उडतं पण त्यातले क्षार मागेच राहतात. बोअरचं पाणी असेल तर काठावर पांढरी रेघ दिसायला लागते. म्हणून नुसती भर घालत राहू नये. आठवड्याला दोन-तीन बादल्या काढून झाडांना घालाव्यात आणि मग भर घालावी.

पहाटे उठून मासे बघा, हे मी प्रत्येकाला सांगते. दुपारी मासे ठीक दिसतात, खरी परिस्थिती पहाटे कळते. रात्री पाण्यातली झाडं आणि शेवाळसुद्धा प्राणवायू घेतात, त्यामुळं उजाडायच्या सुमाराला तो सगळ्यात कमी असतो. त्यात गरम पाणी प्राणवायू धरून ठेवत नाही. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३५ अंशांना ७ मिलिग्रॅमच. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करत असतील तर त्यांना भूक लागलेली नाही, त्यांचा जीव गुदमरतोय. त्या वेळी खाणं टाकायचं नाही. तांब्यानं पाणी घेऊन उंचावरून परत ओतत राहायचं, किंवा छोटा पंप असेल तर तो रात्रभर चालू ठेवायचा. आणि निम्म्याहून जास्त पाणी पानांनी झाकलेलं असू द्यायचं. सावलीनं पाणी कमी तापतं, शेवाळालाही ऊन मिळत नाही. केसांसारखं लांब शेवाळ झालंच तर खरबरीत काठीला गुंडाळून काढायचं. हौदात कसलंही औषध टाकायचं नाही. पानांवर मावा पडला तरी निंबोळी अर्कसुद्धा नको, माशांना तो सोसत नाही. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं मावा खाली पाडायचा, मासे खाऊन टाकतात.

वळवाचा पहिला पाऊस सगळ्यांना हवाहवासा, पण हौदाला तो जड जातो. छपरावरची सहा-सात महिन्यांची धूळ, पाखरांची घाण, कुजका पाला सगळा पन्हाळीतून एकदम येतो. म्हणून पहिले दोन-तीन पाऊस मी पन्हाळीचं तोंड बाहेर वळवते. मृगानंतर पाणी स्वच्छ येतं, मग हौदाकडं. काठाच्या खाली चार बोटांवर सांडवा ठेवलाय, त्याला बारीक जाळी. जाळी नसेल तर आषाढातल्या एका रात्रीच्या पावसात निम्मे मासे गटाराला लागतात.

आणि पावसाळा म्हणजे बेडूक. हौदाच्या भिंतीला, पाण्याच्या वर वीतभर, मुठीएवढा पांढरट फेस चिकटलेला दिसला तर तो पुसू नका. ते झाडबेडकाचं घरटं. मादी अंगातून द्रव सोडते, तो मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते आणि त्यात अंडी घालते. बाहेरून फेस सुकून पापडी धरते, आत ओल टिकते. काही दिवसांनी पिल्लं आतूनच वळवळत पाण्यात टपटप पडतात. गोल्डफिश वाट बघत असल्यासारखे त्यांना गिळतात, म्हणून घरटं दिसलं की मी त्याच्या खाली पाण्यानं भरलेलं घमेलं दोरीनं टांगते. बेडूकमासे मोठे होईपर्यंत त्यातच राहतात. त्याच दिवसांत कमळाच्या देठांवर चतुराच्या रिकाम्या काती दिसतात. चतुराची आणि टाचणीची (चतुरासारखाच, पण बारीक अंगाचा कीटक) पिल्लं पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात.

डासांवरून मात्र आम्हाला दरवर्षी कुणीतरी बोलतंच. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" हे भिंतीवर वाचत आपण सगळे मोठे झालो, तरी हौद दिसला की बोट हौदाकडंच. गप्पी असलेल्या हौदात अळी टिकत नाही. डेंगीचा डास घरातल्या लहानसहान साठ्यात वाढतो: कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचं टायर, न झाकलेलं पिंप. तो पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवतो, ती कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात आणि पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करायचा कोरडा दिवस पाळायचा तर भांडं नुसतं ओतून उपयोग नाही, आतून घासायलाच हवं. घासण्याची हौस तिथं भागवावी.

भाद्रपदात कासला जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. पठारावरच्या पाणथळ जागांत गुलाबीसर, दोन फाट्यांचा तुरा दिसतो, तो वायतुरा. शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस. जगात तो आपल्याच भागातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, उगवतो आणि धोक्यात आलेल्या वनस्पतींत त्याची गणना आहे. त्याचा कंद जांभ्यावरच्या पातळशा मातीत उन्हाळाभर कोरडा झोपतो आणि पावसात उठतो. आपल्या वर्षभर भरलेल्या हौदात तो कसा जगेल? कुमुदिनी तळ्यातल्या कुमुदिनीचंही तेच, ती तिथंच बघावी. घरी लावायला नर्सरीत लिलीचे रंग हवे तेवढे मिळतात.

हस्ताचा पाऊस संपला की ऑक्टोबरच्या उन्हात शेवाळ पुन्हा एकदा डोकं वर काढतं. तेव्हा पिवळी पानं आठवड्याला काढत राहणं एवढंच काम. दिवाळीनंतर माशांचं खाणं कमी करायचं. थंडीत त्यांचं पचन मंदावतं, म्हणून दुपारी, चिमूटभरच. गप्पी तळाशी जाऊन बसतात, त्यांना बसू द्यावं. कमळाची वाळलेली पानं कापताना देठ पाण्याच्या वर ठेवून कापायचे. ते आतून पोकळ असतात, पाण्याखाली कापले तर पाणी थेट कंदापर्यंत पोचतं आणि कंद सडतो. शेजारचा बदाम पानं गाळायला लागला की हौदावर जुनी मच्छरदाणी ताणून बांधायची. हिवाळ्याचं एवढंच.

राहता राहिलं जास्तीचं. गप्पी वाढतच जातात, जलपर्णी किंवा गोंडाळासारखं पाण्यातलं तण कुणी हौसेनं आणून टाकलं असेल तर तेही. ते उचलून महादऱ्याच्या तळ्यात, मंगळवार तळ्यात किंवा कृष्णेत सोडून येणारे लोक मी पाहिलेत, मासे सोडले की पुण्य लागतं असं वाटून. पुण्य लागत नाही. गप्पी तिथल्या मूळच्या माशांची आणि बेडकांची अंडी-पिल्लं खातात, आणि जलपर्णीनं कृष्णेचं काय केलंय ते उन्हाळ्यात सांगलीकडं जाताना पुलावरून दिसतंच. जास्तीचे गप्पी ज्याच्या घरी पिंप किंवा टाकी आहे त्याला द्यावेत. झाडं गच्चीवर उन्हात पसरून कडकडीत वाळवावीत आणि मग खतात टाकावीत. कमळाचे कंद यंदा माझ्याकडं गरजेपेक्षा जास्त निघालेत. चैत्र लागायच्या आत ते मातीत जायला हवेत, तेव्हा साताऱ्यातल्या कुणाला हवे असतील त्यांनी निरोप द्यावा आणि येताना ओलं गोणपाट आणावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत नेले तर कोंब मोडतात.