शुगर आटोक्यात, मग हृदयाचं काय? तपासण्यांचा माझा अनुभव

एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा) ६.८ आलं की घरात पेढे वाटायची तयारी होते. (मधुमेह्याच्या घरी पेढे, हा वेगळा विषय.) मी मात्र आधी लिपिड प्रोफाइलचं, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचं, पान काढते. टाइप टू मधुमेहात सगळ्यात जास्त माणसं हृदयविकार आणि पक्षाघाताने जातात, आणि त्याचा अंदाज एकट्या साखरेवरून येत नाही.

माझं वय पन्नाशीपुढचं, मधुमेहाच्या जोडीला बीपी. रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल २०६, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) २३०, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १२२. लॅबने एलडीएलपुढे छापलं होतं, ‘१०० ते १२९: उत्तमच्या जवळपास’. ठळक अक्षर नाही, चांदणी नाही. ही छापील रेंज सगळ्यांसाठी एकच असते. मधुमेहासोबत बीपी, धूम्रपान किंवा मूत्रपिंडाचा त्रास असा आणखी एखादा धोका असेल तर एलडीएल ७०च्या आत लागतं. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर ५५च्या आत.

बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, मग ट्रायग्लिसराइड भागिले ५ वजा. २०६ – ३८ – ४६ = १२२. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर असेल तर हे गणित फसतं. अशा वेळी थेट मोजलेलं एलडीएल मागायचं आणि नमुना १०-१२ तास उपाशीपोटी द्यायचा. पण मधुमेहात खरी गोम वेगळीच आहे. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी असं असतं, तेव्हा एलडीएलचे कण लहान आणि घट्ट झालेले असतात. प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल थोडं, त्यामुळे आकडा बरा दिसतो आणि कणांची संख्या मात्र भरपूर असते. धमनीच्या अस्तरात शिरतात ते कण. तिथे अडकतात, ऑक्सिडाइझ होतात, पांढऱ्या पेशी त्यांना गिळून फुगतात आणि थर तयार होतो. म्हणून मी नॉन-एचडीएलसुद्धा पाहते: एकूणमधून एचडीएल वजा, माझं १६८. लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० ने जास्त, म्हणजे १००च्या आत. वेगळा पैसा लागत नाही, वजाबाकी येत असली की झालं.

अॅटोर्वास्टॅटिन २० (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी) सुरू झालं. पुढची तपासणी ४ ते १२ आठवड्यांत करायची असते; माझं एलडीएल ७४ आलं. इथे बहुतेकांना वाटतं, डोस दुप्पट करू. पण स्टॅटिन दुप्पट केलं तर एलडीएल आणखी साधारण ६ टक्केच उतरतं. त्याऐवजी इझेटिमाइब १० (आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करणारी गोळी) जोडलं तर उरलेल्यातलं २० टक्क्यांच्या आसपास जातं. ७४चे ६० झाले. स्टॅटिनची ताकद आधीच वाढवायची की इझेटिमाइब जोडायचं हे डॉक्टर एकूण धोका पाहून ठरवतात, पण हा हिशेब माहीत असला तर त्यांच्याशी नीट बोलता येतं.

अंगदुखीचा प्रश्न येतोच. स्टॅटिनची दुखणी सहसा दोन्ही बाजूंना, मोठ्या स्नायूंत असते: दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे. एकच गुडघा दुखत असेल तर गोळीला दोष देऊ नका. शंका असेल तर सीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्यावं, कारण थायरॉइड मंद असेल तर हा त्रास वाढतो. अॅटोर्वास्टॅटिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर डॉक्टरांना आठवण करून द्या, त्याने स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण चढतं. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते हे खरं, पण त्यासाठी गोळी सोडणं महागात पडतं. ‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता बंद करते’ हे तर सर्रास ऐकू येतं. काही आठवड्यांत एलडीएल मूळ पदावर.

लघवीची एसीआर तपासणी (अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण) स्वस्त आणि दुर्लक्षित. मूत्रपिंडातून अल्ब्युमिन झिरपतं म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडलंय, आणि ते बहुधा मूत्रपिंडापुरतंच नसतं. सकाळची पहिली लघवी द्यायची. ताप, लघवीचा संसर्ग, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनी आकडा फुगतो. ३०च्या वर आलं तरी एका नमुन्यावर शिक्का नको. ३ ते ६ महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वर यायला हवेत. तसं ठरलं की एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन या, साखरेसोबत मूत्रपिंड आणि हृदयही जपणाऱ्या गोळ्यांचा विषय काढावा. एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपल्यापासून ते बरंच स्वस्त झालंय. यात लघवीतून साखर जाते, त्यामुळे जननेंद्रियांना बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. उलट्या-जुलाब, निर्जळी उपवास किंवा शस्त्रक्रिया असेल तर गोळी थांबवण्याबद्दल आधीच विचारून ठेवा. या गोळीवर साखर फारशी चढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साचण्याची धोकादायक अवस्था) होऊ शकतो.

बीपी घरी मोजताना पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसायचं. मशीनसोबतचा पट्टा दंडाला तोकडा असेल तर आकडा वाढीव येतो. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा मोजून पहिला दिवस सोडायचा आणि बाकीची सरासरी काढायची. १३०/८०च्या आत हवं. उभं राहूनही मोजा. ३ मिनिटांत वरचा आकडा २० ने घसरला तर मज्जातंतूंवर परिणाम झालेला असू शकतो.

पायांसाठी एबीआय, म्हणजे घोटा आणि दंड यांच्या बीपीची तुलना. दहाएक मिनिटं आडवं झाल्यावर दोन्ही दंडांचं आणि दोन्ही घोट्यांचं बीपी डॉप्लरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ओळखणाऱ्या यंत्राने) घेतात आणि घोट्याचा आकडा दंडाच्या आकड्याने भागतात. ०.९ किंवा कमी म्हणजे पायाच्या धमन्या अरुंद. मधुमेहात उलटी फसगतही होते: धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसल्याने पट्ट्याने ती दबतच नाही आणि उत्तर १.४च्या वर जातं. ते ‘छान’ नव्हे. मग पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

लक्षणं नसताना ‘एकदा टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) करून टाकू’ याच्या मी विरोधात आहे. पट्ट्यावर चालून कळतो तो रक्तप्रवाह अडवणारा मोठा अडथळा. झटका अनेकदा लहान, मऊ थर फुटून त्यावर गुठळी बसल्याने येतो, आणि तो थर टीएमटीत दिसत नाही. पण लक्षणं असतील तर गोष्ट वेगळी, आणि मधुमेहात ती छातीतच येतील असं नाही. जिना चढताना नवीन धाप, जबडा भरून येणं, विनाकारण थकवा, यासाठी लगेच ईसीजी. अचानक दरदरून घाम आणि श्वास कोंडला तर थेट १०८.

अॅस्पिरिन शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नये. २०१८च्या ‘असेंड’ अभ्यासात, हृदयविकार नसलेल्या मधुमेहींमध्ये अॅस्पिरिनने गंभीर हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना १२ टक्क्यांनी घटल्या आणि मोठे रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढले. आधी झटका येऊन गेलेल्यांना ते लागतंच. मला डॉक्टरांनी दिलेलं नाही.