मँचेस्टर, होल्डवर

नवऱ्याला मँचेस्टर विद्यापीठात वर्षभराची फेलोशिप मिळाली आणि आमचं बिऱ्हाड तिकडे हललं. त्याला काम होतं, मला नव्हतं. सोळा ते पंचवीस वयाच्या बेघर मुलामुलींसाठी चालणाऱ्या एका वसतिगृहाला स्वयंसेवक हवे आहेत असं वाचलं आणि अर्ज टाकला. प्रत्यक्ष दारातून आत पाय टाकेपर्यंत ऋतू पालटला होता.

आधी मुलाखत, मग दोन ओळखीच्या माणसांची शिफारसपत्रं, मग डीबीएस. मुलांबरोबर काम करणाऱ्यांची गुन्हेगारी नोंद तिकडे तपासतात, ती ही डीबीएस तपासणी. स्वयंसेवकांना तिचे पैसे पडत नाहीत. पण ब्रिटनमधल्या नोंदी ब्रिटनपुरत्या, आणि मी तर नुकतीच विमानातून उतरलेली. त्यामुळे भारतातला पोलिसांचा दाखलाही मागितला. त्यानंतर प्रशिक्षण. ते बहुतेक सगळं काय करायचं नाही याचंच होतं. आपला फोन नंबर द्यायचा नाही. पैसे द्यायचे नाहीत, उसनेसुद्धा नाहीत. इन्स्टाग्रामवर कोणाला फॉलो करायचं नाही. आणि ‘हे कोणाला सांगणार नाहीस ना?’ असं एखाद्या मुलानं विचारलं तर ‘नाही सांगणार’ असा शब्द द्यायचा नाही, कारण जिवाला धोका असल्याचं कळलं तर ते वर कळवावंच लागतं. हे शेवटचं मला फार पटलं. विश्वासाची हद्द कुठे संपते ते आधीच सांगून मोकळं व्हायचं. नात्यागोत्यात हे कोणी करत असेल तर मला दाखवा.

व्हिसाबद्दल हमखास विचारलं जातं, म्हणून थोडक्यात. मी नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबित म्हणून गेले होते, त्यामुळे मला आडकाठी नव्हती. पर्यटक म्हणून गेलात तर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा करता येते, आणि तीही प्रवासाचं मुख्य कारण असता कामा नये. खास याच कामासाठी जायचं तर चॅरिटी वर्कर व्हिसा असतो. तो साधारण वर्षभराचा, बिनपगारी, आणि संस्थेनं प्रायोजकत्व दिलं तरच मिळणारा.

आता मुलांकडे येते. पिकॅडिली गार्डन्समधून जाताना बेघर माणसं दिसतात, नाही असं नाही. दुकानाच्या आडोशाला स्लीपिंग बॅग, पुठ्ठा, शेजारी कुत्रा. पण ती बहुतेक चाळिशी-पन्नाशीची. एकोणीस-वीस वर्षांची मुलं अशी उघड्यावर फारशी दिसत नाहीत. ती आज या मित्राच्या सोफ्यावर, उद्या त्या मैत्रिणीच्या आईकडे, परवा रात्रभर बसमध्ये, असं करत राहतात. दिवसा सेंट पीटर्स स्क्वेअरच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसतात. १९३४ साली उघडलेली ती गोल, घुमटाची इमारत आहे. आत ऊब असते, चार्जिंग मिळतं, आणि इथे का बसलास म्हणून कोणी हटकत नाही. वसतिगृहातली कित्येक मुलं त्या लायब्ररीचा नकाशा डोळे मिटून काढतील. अंगावरचे कपडे स्वच्छ, हातात फोन, पाठीवर सॅक. शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याला कळणारही नाही की या सॅकमध्ये सगळा संसार आहे.

घर सुटण्याची कारणं जगात कुठेही असतात तीच. आईचा नवा जोडीदार आणि हा, दोघं एका छपराखाली नांदत नाहीत. किंवा मुलानं सांगितलं की मी गे आहे, आणि बापानं दार दाखवलं. अशा मुलांसाठी १९८९ पासून काम करणारी एकेटी ही संस्था याच शहरात सुरू झाली. काही मुलं सरकारी देखरेखीत वाढलेली असतात आणि अठरा पूर्ण झाली की ती देखरेख पातळ होते. काही सुदान, एरिट्रियाकडून आलेली. आश्रय मंजूर झाल्याचं पत्र हातात पडतं आणि त्याच पत्रानं निर्वासितांच्या निवाऱ्यातून बाहेर पडायची मुदतही सुरू होते. आनंदाची बातमी आणि नोटीस एकाच लिफाफ्यात.

माझ्या वाट्याला जे काम आलं त्याला नाव द्यायचं तर सोबत थांबणं. समुपदेशनाला प्रशिक्षित माणसं होती, कायद्याला वेगळी. मी फोनच्या होल्डवर थांबायचे, कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, बाकावर थांबायचे, डॉक्टरच्या रिसेप्शनला थांबायचे.

एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची. घरासाठीचा अर्ज भरायला आम्ही दोघी कॉमन रूममध्ये बसलो. मागच्या पाच वर्षांचे सगळे पत्ते लिहा, तारखांसह, असा त्यात रकाना होता. जागा मोजक्या तीन-चार ओळींची. तिनं बाजूला कोरा कागद घेतला. पहिले दोन पत्ते पिनकोडसकट आले. मग ‘आजी, बोल्टन’. मग ‘आस्डा सुपरमार्केटच्या मागच्या गल्लीतलं घर, निळं दार’. मग एका मैत्रिणीचं नुसतं नाव. ‘हिच्याकडे कधी होतीस?’ मी विचारलं. तिनं फोनमधले फोटो मागे मागे सरकवायला सुरुवात केली. कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक सापडला, त्याच्या मागे तो सोफा होता. ‘हां, म्हणजे मार्च.’ पुढचा पत्ता एका मांजराच्या फोटोवरून लागला. तासाभरात कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. मध्ये दोन महिने रिकामे राहिले. ते कुठे गेले हे तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

हे पत्ते म्हणजे नुसती कागदपत्रांची हौस नव्हे. ग्रेटर मँचेस्टर म्हणजे एक शहर वाटतं, पण आत दहा वेगळी कौन्सिलं आहेत. आयरवेल नदीवरचा छोटासा पूल चालत ओलांडला की तुम्ही मँचेस्टरमधून सॉलफर्डमध्ये येता आणि सगळी जबाबदारी दुसऱ्या कार्यालयाची होते. त्या भागाशी तुमचा संबंध आहे का हे बघतात, आणि गेल्या बारा महिन्यांतले सहा किंवा पाच वर्षांतली तीन वर्षं तिथे काढलीत का, ही त्याची सर्वसाधारण मोजपट्टी. सोफ्यासोफ्यांवर राहिलेल्या मुलीनं ते सिद्ध कसं करायचं? केकच्या फोटोवरून.

कायदा तसा वाईट नाही. २०१७ चा बेघरपणा कमी करण्याचा कायदा एप्रिल २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार घर सुटण्याच्या बेतात असलेल्यांना वाचवायला आणि सुटलेल्यांना छप्पर शोधून द्यायला कौन्सिलला प्रत्येकी ५६ दिवस हातपाय हलवावे लागतात. सोळा-सतरा वर्षांच्यांची बाजू आणखी भक्कम आहे. २००९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, लंडनमधल्या सदर्क कौन्सिलच्या खटल्यात ठरवून दिलं की असं मूल दाराशी आलं तर त्याला केवळ बेघर माणूस म्हणून गृहनिर्माण खात्याकडे ढकलता येणार नाही, बालकल्याण खात्यानं त्याची जबाबदारी घ्यायची. कुचंबणा होते ती अठरा-एकोणीसच्यांची. देखरेखीतून बाहेर पडलेली असेल, गरोदर असेल, तर प्राधान्य आहे. नुसतीच एकोणीस वर्षांची आणि बिनघराची असेल, तर आपण सर्वसाधारण माणसापेक्षा ठळकपणे जास्त असुरक्षित आहोत हे तिला पटवून द्यावं लागतं. म्हणजे आपली जितकी दुर्दशा सांगाल तितके गुण. ती मुलगी हे सांगायला तयारच नव्हती. ‘मी ठीक आहे’ हे वाक्य तिच्या तोंडात बसलं होतं. तिच्या की-वर्करला, म्हणजे तिचं सगळं प्रकरण बघणाऱ्या बाईंना, ते वाक्य सोडवायला कित्येक बैठका लागल्या.

मग होल्ड. फोन स्पीकरवर, तेच तेच संगीत, मध्येच ‘तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’. एकटं असलं की ही मुलं दहाव्या मिनिटाला फोन ठेवून देतात आणि कागदोपत्री नोंद होते की संपर्क केला नाही. दोघं असलं की बसवतं. आम्ही पत्ते खेळलो. तिनं माझ्या डाव्या हाताच्या नखांना जांभळा रंग लावला. उजव्या हाताची पाळी यायच्या आत पलीकडून माणूस बोलायला लागला. त्या दिवशी मी तशीच, एका हाताला रंग लावलेली, ट्रामनं घरी गेले.

दुसरी गोष्ट पैशांची. ट्रॅफर्ड पार्कमधल्या गोदामात काम करणारा एक मुलगा जादा पाळी नाकारायचा. आळशी म्हणावं तर पहाटे पाचला उठून जाणारा. एकदा त्यानं मला पावतीच्या मागे गणित मांडून दाखवलं. २०२५-२६ मध्ये अठरा ते वीस वयाला किमान वेतन तासाला १० पौंड होतं, एकवीसपासून पुढे १२.२१. कामाचा वेग तोच, दर मात्र वयावर. चार तास जादा केले तर ४० पौंड. पण असल्या वसतिगृहाचं भाडं, आधाराच्या सेवांमुळे, बाहेरच्यापेक्षा बरंच जास्त असतं आणि ते सरकारी गृहभत्त्यातून जातं. कमाई एका मर्यादेपुढे गेली की वरच्या प्रत्येक पौंडामागे तो भत्ता ६५ पेन्सनी कापला जातो. म्हणजे २६ पौंड गेले. उरले १४. बसचं २ पौंडांचं तिकीट जाता-येता, उरले १०. ‘चार तास खोकी उचलून दहा पौंड,’ तो म्हणाला, ‘तू करशील?’ मी नसतं केलं. भत्त्याचंही तेच वयाचं त्रांगडं. २०२५-२६ मध्ये एकट्या माणसाला युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे सरकारी निर्वाहभत्ता, महिन्याला ४००.१४ पौंड होता, पंचविशीच्या आतल्याला ३१६.९८. पंचविशीच्या आतला माणूस आईबापांकडे राहतो असं त्या हिशेबात कुठेतरी गृहीत धरलेलं दिसतं. आमच्या वसतिगृहात त्या गृहीतकाचा एकही पुरावा नव्हता.

संध्याकाळी सुटले की मी मुद्दाम अँकोट्समधून चालत जायचे. कालव्याच्या कडेला लाल विटांच्या अवाढव्य सूतगिरण्या आहेत. अमेरिकेच्या यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा हिंदुस्थानातून मोठ्या प्रमाणावर कापूस उचलला गेला तो अशाच गिरण्यांसाठी, आणि आपल्या वऱ्हाडातल्या कापसाचे तेव्हाचे चढे भाव त्यातूनच आले. आज त्यांच्यात महागडे फ्लॅट आहेत. खालच्या मजल्यावर बेकरी, वर काचेची बाल्कनी. शहरात घरांचा तुटवडा आहे हे वाक्य त्या बाल्कन्यांखालून जाताना जरा वेगळं ऐकू येतं. अँडी बर्नहॅम २०१७ साली महापौरपदी निवडून आले ते रस्त्यावरचं झोपणं संपवू असं सांगूनच. ते संपलं नाही. पण २०१८ पासून दहाही कौन्सिलांत मिळून ‘अ बेड एव्हरी नाइट’ नावाची योजना चालते, त्या रात्री रस्त्यावर असलेल्याला पलंग मिळावा म्हणून. पुढाऱ्याच्या घोषणेतून निदान पलंग तरी निघाले, हेही नसे थोडके.

परदेशी जाऊन अशी स्वयंसेवा करावी का? मला विचाराल तर तीन आठवड्यांसाठी मुळीच करू नये. निदान थेट मुलांबरोबर तरी नाही. या मुलांच्या आयुष्यात येऊन-जाऊन असलेल्या मोठ्या माणसांची आधीच रीघ असते. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी हजर होणारं माणूस त्यांना नवीन असतं, आणि ते खरंच येतं की नाही हे ती बरेच आठवडे तपासून बघतात. मुद्दाम उद्धट बोलतात, टेबलावरचा पूल खेळताना बोलतच नाहीत, स्वतःहून ठरवलेल्या वेळी गायब होतात. दिवस कमी असतील तर गोदामात कपडे लावा, भिंती रंगवा, नाताळात स्वयंपाकघरात राबा. तिथेच राहणाऱ्यांसाठी तर नाइटस्टॉप आहे. १९८७ साली लीड्समध्ये सुरू झालेल्या या योजनेत लोक आपल्या घरातली रिकामी खोली अशा मुलाला रात्रीपुरती देतात. जेवण, आंघोळ, स्वच्छ चादर. ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे अशा आमच्या मराठी मंडळींपुढे मी हा विषय काढला तेव्हा चहा लगेच आला आणि विषय बदलला.

गोदामातल्या त्या मुलाला अखेर सॉलफर्डमध्ये स्वतःचा फ्लॅट मिळाला. तिकडे असा फ्लॅट मिळतो म्हणजे भिंती मिळतात. जमिनीवर गालिचा नाही, लाकूड नाही, नुसतं काँक्रीट. शेगडी नाही, फ्रिज नाही, पडद्यांच्या दांड्यासुद्धा नाहीत. विजेचं मीटर प्रीपेड, त्याची किल्ली कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन पैसे भरायचे. संस्थेनं जुनी शेगडी मिळवून दिली. आम्ही चौघं-पाच जण रंग घेऊन गेलो. दार उघडलं तर पायाशी एकच पत्र पडलेलं, त्याच्या नावाचंही नाही, नुसतं त्या पत्त्यावर राहणाऱ्याला उद्देशून. या घराला टीव्हीचा परवाना नाही, तपासणीला माणूस येऊ शकतो, असा दम. २०२५-२६ मध्ये त्याचे वर्षाला १७४.५० पौंड पडायचे. त्यानं ते पत्र उभ्या उभ्या दोनदा वाचलं, त्याचा फोटो काढला आणि भराभर सगळ्यांना पाठवला. टीव्ही त्याच्याकडे नव्हता. नाही हेही ऑनलाइन कळवता येतं, ते आम्ही तिथेच रंगाच्या डब्यावर बसून उरकलं. तोवर बाहेर डबलडेकर येऊन थांबली. वरच्या मजल्यावरचे सगळे उतारू थेट आमच्याकडे बघत होते. मग रंग बाजूला ठेवून आम्ही आधी पडदे बघायला निघालो.