तुम्ही विचारलंत म्हणून: विसावा भाग

भाची विचारते, शेजारच्या वहिनी विचारतात, कोर्टाच्या बाररूममध्ये डबा खाताना ज्युनिअर मुली विचारतात. ‘रिप्लाय 1988’ या कोरियन मालिकेचे एकोणीस भाग तुम्ही तीन-तीनदा बघता, आणि विसावा लागला की उठून का जाता? आजवर मी डोळे दुखतात म्हणून सांगत आले. ते खरं नव्हतं. एकदा नीट सांगते, म्हणजे परत विचारू नका.

बहुतेकांना वाटतं, नायिका दोक-सनवर जीव असलेल्या दोघा मित्रांपैकी मी जंग-ह्वानच्या बाजूची आहे आणि ती थेकला मिळाली याचा राग धरून बसलेय. तसं नाही. थेक चांगला मुलगा आहे. जंग-ह्वान गाडी दामटत येतो, वाटेत एकेक सिग्नल लाल होतो, आणि पोचतो तोवर थेक तिच्यासमोर उभा असतो. मग जंग-ह्वान स्वतःशी कबूल करतो की दोष सिग्नलचा नव्हता, आपण कचरत राहिलो त्याचा होता. तो प्रसंग मी डोळे न मिटता बघते. विसाव्या भागातलं माझं दुखणं वेगळ्या जोडीचं आहे. दोक-सनची थोरली बहीण बोरा आणि शेजारच्या सन-ऊचं.

ही सगळी घरं जिथे शेजारी राहतात ती गल्ली तुम्हाला पाठ आहे, म्हणून तिचं वर्णन करत नाही. पण एक गोष्ट बघणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, कारण मालिका ती चटकन सांगून पुढे जाते. बोरा आणि सन-ऊ दोघंही संग. आडनाव एक, आणि त्या आडनावाचं मूळ गावही एक. कोरियात अशा दोघांच्या लग्नाला नुसती रूढी आडवी येत नव्हती, कायदा आडवा येत होता. दिवाणी संहितेचं 809वं कलम. गिमहे गावाहून मूळ सांगणारे किम लाखोंच्या संख्येत आहेत. त्यातल्या कुठल्याही दोघांना लग्नाची नोंद करता येत नव्हती, नातं शोधून सापडत नसलं तरी. लपून संसार करणारी जोडपी इतकी झाली की सरकारला 1978, 1988 आणि 1996 या तीन वर्षी तात्पुरती मुभा द्यावी लागली, तेवढ्या वर्षापुरती नोंद करून घ्या म्हणून. मालिकेच्या नावातलं वर्षही त्यातलंच. घटना न्यायालयानं जुलै 1997 मध्ये हे कलम घटनेशी विसंगत ठरवलं आणि 2005 साली संहिता बदलली. बोरा-सन-ऊचं लग्न लागतं ते नव्वदच्या दशकाच्या मधोमध. तेव्हा कलम पुस्तकात होतंच.

आणि विरोध कोण करतं? एकमेकींच्या घरी वाटीभर कालवण पाठवणाऱ्या, एकीच्या दुखण्याला दुसरीनं धावून जाणाऱ्या बायका. सन-ऊची आई सन-यंग काही दुष्ट नाही. तिची आई घरी येणार म्हणून शेजारून उसनं आणून घर भरलेलं दाखवणारी, आणि आईनं जाताना गुपचूप ठेवलेले पैसे सापडल्यावर रडणारी, तीच ही. माणसं इतकी चांगली असतात आणि तरीही "हे लग्न नाही" म्हणतात. आमच्या घरात असंच झालं.

आमच्या घरातली बोरा मी होते. थोरली, शिकणारी, तापट. दोक-सनचा तो रडण्याचा प्रसंग आठवतो ना? अंडी दोनच असली तर ती मोठीला आणि धाकट्याला, वाढदिवसाचा केक मोठीचा उरलेला, मेणबत्त्या काढून परत लावलेल्या. आमच्याकडे अंडी नव्हती, साय होती. सायीचा वाटा माझा, कारण मला अभ्यास. माझी वकिलीची फी बाबा भरत होते आणि धाकटी घरून बी.कॉम. करत होती. बहिणीची परवानगी घेऊन लिहितेय. ती म्हणाली, "लिही, फक्त त्याचं नाव नको."

1993चा मे महिना, सांगली. मुलगा धाकटीच्या बरोबरीचा, बँकेत लागलेला. त्याची आई आणि मामा धाकटीला मागणी घालायला पत्रिका घेऊन आले. बाबांना मुलगा पसंत होता. हे मी ठासून सांगते, कारण नंतर घरात कुणीच ते बोललं नाही. पोहे झाले, चहा आला. मग बाबांनी सहज विचारलं, "गोत्र?" मामा म्हणाले, "कौशिक." बाबांनी कप बशीत ठेवला. "आमचंही कौशिक. मग प्रश्नच मिटला." आवाजात राग नव्हता, गाडी चुकल्यासारखी हळहळ होती. पत्रिकेची घडी घालून त्यांनी ती मामांकडे सरकवली.

ती घडी अजून टेबलावर असतानाच मुलाची आई म्हणाली, "हल्ली चालतं म्हणे. कायद्यानं." बाबा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता, मला तो आजही दिसतो. "ही वकिली शिकतेय आमची. विचारा हिलाच." स्वयंपाकघराच्या दारात धाकटी उभी होती, हातात पाण्याचा तांब्या.

मला माहीत होतं. सगोत्र विवाह वैध ठरवणारा कायदा 1946 साली झाला आहे. 1955च्या हिंदू विवाह कायद्यात मनाई आहे ती सपिंडाला, म्हणजे रक्ताच्या जवळच्या नात्याला, वडिलांकडून पाच पिढ्या आणि आईकडून तीन. गोत्राला नाही. एप्रिलच्या परीक्षेत मी यावर दीड पान लिहिलं होतं. पुस्तक आतल्या खोलीत होतं, त्या पानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

मी म्हणाले, "मला नक्की माहीत नाही."

एवढंच. मामा उठले, आईनं त्यांच्या हातावर सुपारी ठेवली, दार लागलं. धाकटीनं तांब्या ओट्यावर ठेवला. त्या रात्री तिनं मला काही विचारलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. जूनमध्ये माझी शेवटच्या वर्षाची फी भरली गेली.

आता तुम्ही म्हणाल, 22 वर्षांची होतीस. मीही स्वतःला तेच म्हणते. त्या खोलीत कायदा बोलून काय झालं असतं? बाबा म्हणाले असते, पुस्तक घरात आणू नकोस. कायदा माणसाला लग्न करू देतो, मांडवात आई-बापांना आणून उभं करत नाही. हे मी आज पंचवीस-तीस वर्षांच्या वकिलीनंतर अशिलांना सांगते आणि ते बरोबरच आहे. पण तेव्हा मी असा विचार करून गप्प बसले नव्हते. बाबांचा तो अभिमानाचा चेहरा माझ्यासाठी होता आणि मला तो तसाच हवा होता. साय हवी होती. दुसरं काही नाही.

बोराची मला म्हणूनच असूया वाटते. तिच्याविरुद्ध कलम होतं, गल्ली होती, दोन्ही घरं होती, आणि ती बोलली. माझ्या बाजूनं 47 वर्षं जुना कायदा होता. तो मला वापरायचाही नव्हता, नुसता उच्चारायचा होता, आणि तोही बहिणीसाठी.

तरी मी उठते ती बोरामुळे नाही, तिच्या वडिलांमुळे. दोंग-इल कर्जात बुडालेला, दारू पिऊन येणारा, मुलीशी धड बोलता न येणारा बाप. दोक-सनची मात्र तो पहिल्याच भागात माफी मागतो, बाप म्हणून आपलीही ही पहिलीच खेप आहे म्हणतो. लग्नासाठी बोरा त्याला नवे बूट आणते. ते मोठे होतात. तो सांगत नाही. आत कागद कोंबतो आणि तेच बूट घालून मुलीला मांडवात नेतो. मग तिला त्याची टाच बुटातून निघताना दिसते.

पहिल्यांदा तो प्रसंग बघितला आणि माझ्या मनात आलं, आमचे बाबाही असेच चालले असते का? मी त्यांना संधीच दिली नाही. मी ठरवून टाकलं होतं की ते वाकणार नाहीत. 2004 साली चुलत भावानं सगोत्र मुलीशी लग्न केलं. बाबा लग्नाला गेले, आहेर केला, जिलबी मागून घेतली आणि घरी आल्यावर मुलीकडच्यांचं कौतुक केलं. गोत्राचा शब्द काढला नाही. मी त्या दिवशी जेवले नाही. अकरा वर्षांत ते बदलले असतील. की 1993 मध्येही, घरातल्या शिकलेल्या मुलीनं "चालतं, बाबा" म्हटलं असतं, तर कप परत उचलला असता? मी कितीदा त्या खोलीत जाऊन बसते. दर वेळी उत्तर वेगळं येतं. आता ते नाहीत, आणि होते तेव्हा मी विचारलं नाही.

धाकटी नाशिकला सुखात आहे. तिचे यजमान चांगले आहेत, हे मला लोक लगेच सांगतात, जणू त्यानं हिशेब पुरा झाला. ती विसावा भाग आवडीनं बघते, वरातीला टाळ्या वाजवते. एकदा मी धीर करून विषय काढला, तर म्हणाली, "ताई, तू बोलली असतीस तर मला हो म्हणावं लागलं असतं, आणि मला तेव्हा भीती वाटत होती." हे खरं असेल, किंवा माझ्यासाठी म्हटलं असेल. तिला दोन्ही जमतं. लहानपणीही ती सायीची वाटी माझ्याकडे सरकवून म्हणायची, मला आवडत नाही.

परवा भाचीनं शेवटचा भाग लावला आणि मी उठले नाही. बूट हातात घेतलेला दोंग-इल दिसला तिथे तिला थांबव म्हटलं. रविवारी धाकटी येणार आहे. तेव्हा पुढचं बघू म्हणालेय.