शेगावची वारी आणि अजून न दिलेलं नाव

आमच्या गावची दिंडी दरवर्षी गजानन महाराजांच्या प्रकट दिनाला शेगावला पायी जाते. मालेगावकडून निघून पातूरचा घाट उतरायचा, मग वाडेगाव, बाळापूर, पारस, नागझरी करत माघ वद्य सप्तमीच्या आत शेगाव गाठायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, या घरात सून म्हणून आल्या तेव्हापासून जातात. यंदा त्यांचा गुडघा फार धरला होता. डॉक्टर नको म्हणाले, त्या जाणारच म्हणाल्या, आणि हात धरायला कोण, तर मी.

मला जायचं नव्हतं, आणि का ते घरात एकट्या माझ्या नवऱ्याला माहीत होतं. रविवारी मी वाशीमला चर्चमध्ये उपासनेला जाते. पाळकांनी ईस्टरच्या बाप्तिस्म्यासाठी नावं घ्यायला सुरुवात केली होती. मला ते एवढंच म्हणाले, "घाई नाही ताई. मन सांगेल तेव्हा नाव द्या, आमच्याकडून तगादा लागणार नाही." तगादा नव्हता म्हणूनच मला जड जात होतं. कोणी मागे लागलं असतं तर चिडून नाही तरी म्हणाले असते.

चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंना वारीचं कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, मूर्तीपुढे जाऊन आलीस तर तुझी सगळी तयारी वाया. मला त्यांचा राग आला, अजून आहे. पाळकांनी मात्र मला बायबलच्या जुन्या करारातल्या '2 राजे' या पुस्तकाचा पाचवा अध्याय वाचायला सांगितला. नामान हा अरामचा सेनापती, कुष्ठरोगी, यार्देनेत सात वेळा बुडी मारून बरा होतो. देव हाच, दुसरा नाही, असं कबूल करतो, तिथली दोन खेचरांच्या ओझ्याएवढी माती सोबत मागतो. आणि मग अडखळत म्हणतो, माझा धनी त्याच्या देवाच्या, रिम्मोनाच्या, देवळात माझ्या हातावर टेकून वाकेल तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढ्याची क्षमा असावी. अलीशा संदेष्टा त्याला म्हणतो, शांतीने जा. बस. ना उपदेश, ना अट. मी निळ्या पुठ्ठ्याचा छोटा नवा करार पिशवीत टाकला, नामानाचा अध्याय त्यात नसतो म्हणून कागदावर उतरवून घेतला, आणि निघाले.

घाट, पातूर, तिथला मुक्काम, यातलं फारसं आठवत नाही. पहाटेची थंडी आठवते, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जायचे ते आठवतं. हरभऱ्याची सोंगणी चालू होती, गहू उभा होता. विणेकरी काकांचा आवाज अजून तसाच आहे, उन्हात चिरत जाणारा. "गण गण गणात बोते" सुरू झालं की पाय आपोआप त्या ठेक्यावर पडायचे. मी टाळ वाजवत होते, तोंडाने म्हणत नव्हते. मग वाटायचं, टाळ तरी का वाजवते आहेस? आणि पुढच्याच घटकेला कोणीतरी तुकोबांचा अभंग धरायचं आणि डोळ्यांत पाणी यायचं, खरं पाणी. चर्चमध्ये आम्ही नारायण वामन टिळकांची भजनं म्हणतो तेव्हाही असंच भरून येतं. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, घेतला 1900 साली. मधली वर्षं त्या बाईनं कशी काढली असतील हे मला चालताना सारखं डोक्यात येत होतं. आमच्या घरात टिळकांच्या जागी मी आहे, आणि लक्ष्मीबाईंच्या जागी कितीतरी माणसं.

माझं सगळं दवाखान्यातून सुरू झालं. धाकटीनंतर माझं अंगावरून जाणं थांबेना. महिन्यातले बरे दिवस बोटांवर मोजावेत असे. घरात पूजा असो, वटसावित्री असो, मी बाजूला. कोणी वाईट बोललं नाही. "तू बस बाई, तुले बरं नाई," एवढंच. पण महालक्ष्म्यांच्या दिवशी आंबिलीचा आणि सोळा भाज्यांचा वास घेत मागच्या खोलीत बसणं काय असतं, ते बसल्याशिवाय कळत नाही. शेवटी पिशवी काढायला भरती झाले तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मार्कचं शुभवर्तमान दिलं. पाचव्या अध्यायात ती बाई आहे. बारा वर्षं रक्तस्राव, सगळा पैसा वैद्यांवर गेलेला. गर्दीत मागून येते आणि येशूच्या वस्त्राला शिवते. तो थांबतो, विचारतो कोण शिवलं. ती कापत कापत पुढे येऊन सगळं खरं सांगते, आणि तो तिला मुली म्हणून हाक मारतो. विटाळाची बाई शिवली आणि त्याला विटाळ झाला नाही. रात्रभर मी तेच पान वाचत होते. त्या रात्रीपासून मी त्याची आहे, यात मला शंका नाही. शंका असती तर ठरवणं सोपं गेलं असतं.

अडतं ते पुढे. वकिलांकडेही जाऊन आले आहे. धर्म बदलला म्हणून माणसाचा वारसा जात नाही, हे 1850 सालच्या कायद्यानंच ठरलं होतं. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 26 व्या कलमात अट आहे ती धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांची, त्यांना हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळत नाही. माझ्या मुली आधीच्या आहेत. पण हिंदू विवाह कायद्याच्या 13 व्या कलमाप्रमाणे नवरा किंवा बायको धर्मांतर करेल तर दुसऱ्याला घटस्फोट मागता येतो. हे मी नवऱ्याला स्वतः वाचून दाखवलं. ते बराच वेळ बैलाच्या दाव्याची गाठ सोडवत राहिले. मग म्हणाले, "मी कोर्टात नाई जात. पर मले वढू नको, अन् मायले सांगाचं थे तूच सांगजो."

वाडेगाव सोडल्यावर दुपारी माझा उजवा पाय गेला. तळव्याला, बोटांच्या मुळाशी, रुपयाएवढा फोड, आणि त्याच्या शेजारी दुसरा धरत होता. डांबर तापलेलं. चप्पल घातली तरी आग, काढली तरी आग. आत्याबाई पुढे गेल्या होत्या. गुडघ्याची बाई पुढे आणि मी मागे, याचीही चीड येत होती. लिंबाच्या बागेच्या कडेला दोन खोल्यांचं घर होतं, अंगणात एक म्हातारी लिंबं निवडत बसलेली, पिवळी एका ढिगात, हिरवी दुसऱ्यात. मी लंगडताना पाहून तिनंच हाक मारली.

"ये व माय. पाय दाखव."

मी नको नको म्हणत ओट्यावर बसले. तिनं घमेल्यात कोमट पाणी आणलं, मूठभर मीठ टाकलं, आणि मी काही बोलायच्या आत माझी टाच हातात घेतली. बोटांच्या बेचक्यातली माती तिनं अंगठ्यानं काढली, एकेक बोट सुटं करून. मला आईनंतर असं कोणी धुतलं नव्हतं. मी पाय मागे घेत होते, ती "ठेव ना" म्हणत परत ओढत होती. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो, तिथला पेत्र मला तेव्हा कळला, तो का म्हणाला असेल की माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस. मग तिनं सुई चुलीच्या निखाऱ्यावर धरली, पांढरा दोरा ओवला, आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढला. दोरा तसाच आत ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी दोऱ्यावरून टिपकत राहिलं. "कातडी फाडाची नाई. दोरा राहू दे. उद्या सकायी वढून टाकजो." वर खोबरेल आणि हळद.

आत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता. तिनं पाहिलं मी पाहते आहे ते. म्हणाली, "छप्पन साली माहा बाप नागपूरले गेल्ता. मी इतकीशी व्हती." 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि दिली, त्या मैदानात तिचा बाप उभा होता. घरी आला आणि देव्हारा रिकामा केला. टाक, मरीमायचा दगड, सगळं टोपल्यात भरून मन नदीत सोडलं. मायनं तोंडाला पदर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिनं घर सारवलं.

"तुमच्या आईला पटलं होतं?"

"पटन का नाई पटन, इचारलं कोनं? अख्खा मोहल्ला एका दिवशी गेला. सोयरे गेले, शेजार गेला. पोरीचं लगन कोठी कराचं हा घोर नव्हता."

मग मी तिला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. दिंडीत एवढ्या बाया, ज्यांच्या ताटात मी जेवले आहे, त्यांतल्या एकीला सांगता आलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं. लिंबं निवडणं थांबलं नाही.

"मंग तुले एकटीले जा लागते," म्हणाली. "तुह्या संगं कोन हाय?"

मी म्हटलं, "प्रभू आहे."

"थो त असनच व. मी मानसाचं इचारून राह्यली."

मला उत्तर देता आलं नाही. मंडळीत माणसं आहेत, चांगली आहेत, पण वाशीमला. रात्री पोरीला ताप आला तर दार वाजवायचं ते गावातच.

तेवढ्यात दिंडीतल्या एक बाई मला शोधत रस्त्यावर आल्या. म्हातारी पाणी घेऊन उठली. दिंडीतल्या बाई फाटकापाशीच थांबल्या. भिंतीवरचे फोटो त्यांनाही दिसले असावेत. "नाई, हाय आपल्याजोळ पाणी." त्यांच्या हातातली बाटली रिकामी होती, मला स्पष्ट दिसत होती. महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते 1878 साली, उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. त्याच महाराजांचं नाव घेत चालणारी ही बाई. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी रडले, पण त्यांना ते फोडाचं वाटलं.

आणि मग मागून आत्याबाई आल्या, गुडघा धरत, उलट पावली माझ्यासाठी परतलेल्या. फाटक ढकलून सरळ आत आल्या, ओट्यावर टेकल्या, म्हणाल्या, "पाणी दे व बाई, जीव जाऊन राह्यला." दोन गडवे प्याल्या. तिसरा तोंडावर मारला. म्हातारीनं त्यांच्या पदरात लिंबं घातली. निघताना मी जय भीम म्हटलं, ती म्हणाली, "हळू जा."

बाळापूर झालं, पारस झालं.

नागझरीला मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात होता. हरिपाठ झाला, बाया आडव्या झाल्या. आत्याबाईंच्या गुडघ्याला मी तेल चोळत होते. मनात तीच बाई होती, कापत पुढे येऊन सगळं खरं सांगणारी. मी सांगितलं. दवाखाना, मार्क, रविवार, ईस्टर, सगळं.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मले वाटलंच व्हतं. सालभर झालं, आरतीले तुहे व्होट हालतात, आवाज येत नाई."

मी चोळत राहिले.

"माह्या तेरवीचा सयपाक कोन करन मंग?"

"मीच करीन."

"तुमच्यात चालते काय?"

"माहीत नाही. विचारते."

"इचार. पाण्यात उतराच्या आंधी इचार. मांगून मले भूत करून फिरवू नको." आणि कुशीवर वळल्या. मला म्हणायचं होतं की असं काही नसतं, पण त्यांच्या पाठीला ते कसं सांगणार.

सकाळी मी दोरा ओढून काढला. आत्याबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. हात मात्र धरला, नेहमीपेक्षा घट्ट, आणि शेगावपर्यंत सोडला नाही. गर्दी नेहमीची. रांग नेहमीची. समाधीकडे खाली उतरताना त्यांचा सगळा भार माझ्या दंडावर आला, त्या वाकल्या तशी मीही वाकले. कागद पिशवीत होता, काढायची गरज पडली नाही. नामानाचं वाक्य मी मनात म्हटलं, धनी या शब्दाच्या जागी आत्याबाई घालून. त्या पुटपुटत होत्या, डोळे मिटलेले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला खोटं म्हणता येत नाही. कोणी मला म्हणायला लावू नये.

तयारी म्हणजे माझा विश्वास पक्का आहे का, असं मी इतके दिवस समजत होते. तो पक्का आहे. राहिलं होतं ते माणसांचं: सासूला सांगणं, तेरवीचं विचारणं, शेजारणीला सांगणं. त्यातलं पहिलं झालं.

स्टेशनच्या बाहेर आत्याबाईंना चहा घेऊन दिला आणि पाळकांना फोन लावला. म्हटलं, नाव लिहा, पण पेन्सिलीनं लिहा. आधी आमच्या घरी या. आत्याबाईंना तेरवीच्या स्वयंपाकाचं तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे, आणि तुम्ही जे सांगाल ते मलाही माहीत नाही. ते थोडं थांबले. म्हणाले, शुक्रवारी येतो, एकटाच येतो.

आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. "शुक्रवारी नको म्हनाव," त्या म्हणाल्या, नागझरीनंतर पहिल्यांदाच. "शुक्रवारी बाजार असते. शनिवारी येजा म्हना."